दीपाची आई शिकवायला निघाली

बाईला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची सवय आपल्या गावांत फारशी नाही. आधी ती अमक्याची लेक असते, मग तमक्यांची सून होते आणि मूल झालं की गणूची आई किंवा सुमीची आई. कित्येक जणींची नावं रेशनकार्डावर वाचल्यावरच शेजारणीला कळतात. बंगालमध्येही हीच रीत आहे. तिथं मुलीचं नाव दीपा असेल तर आईला दीपा मा म्हणतात.

आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांचं नाव ननीबाला बरुआ. पण जगभरातले ध्यान करणारे लोक त्यांना दीपा मा म्हणूनच ओळखतात. बुद्धानं सांगितलेली मनाची विद्या ज्यांनी समुद्रापार जाऊन शिकवली, त्यांची यादी काढली तर बहुतेक नावं भिक्खूंची, नाहीतर मोठमोठ्या पंडितांची निघतील. त्या यादीत शाळा अर्धवट सुटलेली, बाराव्या वर्षी लग्न झालेली, दोन बाळं आणि नवरा गमावलेली, हृदयाचं दुखणं असलेली एक विधवा आहे. ती तिथवर कशी पोहोचली आणि जाताना काय घेऊन गेली, हे आज पाहू.

आधी थोडं मागं जाऊ या. प्रवास करून शिकवणं हे बौद्ध परंपरेत पहिल्यापासून आहे. सारनाथला पहिले साठ शिष्य तयार झाल्यावर बुद्धानं त्यांना वेगवेगळ्या वाटांनी पाठवलं, दोघांनी मिळून एकाच वाटेनं जाऊ नका असं सांगून, अशी कथा विनयपिटकात आहे. बायकाही निघाल्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचा मुलगा महिंद लंकेला गेला. तिथल्या राजघराण्यातल्या अनुलेनं प्रव्रज्या मागितली, तेव्हा तो म्हणाला की बायकांना दीक्षा देणं माझ्या हातात नाही, त्यासाठी माझी बहीण यायला हवी. मग संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजानं लंकेला गेली. महावंस या ग्रंथात ही हकिकत आहे. म्हणजे परदेशी शिकवायला जाणारी बाई पहिल्यांदा निघाली ती तिकडच्या बाईनं बोलावलं म्हणून. पुढं पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला, नानजिंगला गेल्या आणि तिथल्या बायकांना त्यांनी रीतसर दीक्षा दिली.

पण अकराव्या शतकाच्या सुमारास लंकेतला भिक्खुणी संघ लढायांच्या धामधुमीत संपला. नव्या भिक्खुणी करायला जुन्या भिक्खुणी लागतात. त्याच उरल्या नाहीत, तेव्हा दारच बंद झालं. म्हणून विसावं शतक उजाडलं तेव्हा लंका, ब्रह्मदेश, थायलंड या थेरवादी देशांत बाईनं दान द्यावं, व्रत धरावं, फार तर शीलं घेऊन मठात राहावं, एवढंच होतं. आसनावर बसून शिकवणारे पुरुषच असत. आपली गोष्ट अशा काळातली आहे.

आताच्या बांगलादेशातलं चितगाव, म्हणजे चट्टग्राम, हा मुलूख. तिथं बरुआ आडनावाच्या लोकांचा जुना बौद्ध समाज आहे. बौद्ध धम्म भारतातून नाहीसा झाला असं आपण सरसकट म्हणतो, पण या कोपऱ्यात तो टिकून होता. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या आराकानमधून आलेल्या सारमेध महाथेरांनी तिथल्या आचारांना पुन्हा थेरवादी वळण लावलं. अशा एका गावात २५ मार्च १९११ रोजी ननीबाला जन्मली, सहा भावंडांतली थोरली. तिला शाळेचं वेड होतं. पण बाराव्या वर्षी लग्न ठरलं आणि शाळा पाचवीतच सुटली.

नवरा रजनी रंजन बरुआ, वयानं दुप्पट, इंजिनियर, नोकरी ब्रह्मदेशात. लग्नानंतर आठवड्यातच तो कामावर परत गेला आणि ही पोर अनोळखी सासरी राहिली. दोन वर्षांनी, चौदाव्या वर्षी, तिला बोटीत बसवून रंगूनला पाठवलं. अनोळखी शहर, परकी भाषा आणि जवळजवळ परकाच नवरा. पण हा माणूस भला निघाला. वर्षानुवर्षं मूल होईना, तेव्हा सासरच्यांनी त्याला गावी बोलावून दुसऱ्या लग्नाचा घाट घातला. त्यानं नकार दिला. मूल दिलंस तरच बायको, असं काही मी हिला लग्नात सांगितलं नव्हतं, अशा अर्थाचं तो बोलला म्हणतात. इतकं स्पष्ट बोलणारा नवरा त्या काळात विरळाच.

ती अठरा वर्षांची असताना आई गेली. मागं दीड वर्षाचा भाऊ राहिला. त्याला या दोघांनी आपलं मूल म्हणून वाढवलं. पुढं पस्तिशीत तिला मुलगी झाली आणि तीन महिन्यांची होऊन गेली. १९५० मध्ये दुसरी मुलगी झाली, तिचं नाव दीपा. त्यानंतर एक मुलगा झाला तो जन्मतःच गेला. रक्तदाब वाढला, हृदय दुबळं झालं, अंथरूण धरलं. नवरा नोकरी करून तिचं आणि लहान दीपाचं सगळं बघत होता. १९५७ मध्ये तोच हृदयविकारानं अचानक गेला.

तिची तब्येत इतकी ढासळली की डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं हे भागणार नाही, मनाचं काहीतरी करा, ध्यान शिका. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिला ध्यानाकडे पाठवलं ते एका डॉक्टरनं. मोक्ष मिळवायला म्हणून ती निघाली नव्हती. तिला जगायचं होतं, कारण घरात सात वर्षांची पोर होती.

तिनं काय केलं? होते ते दागिने, चीजवस्तू आणि दीपा, सगळं शेजारणीच्या हवाली केलं आणि रंगूनमधल्या कमायुत इथल्या ध्यानकेंद्रात ती दाखल झाली. मैत्रिणींनो, त्या शेजारणीचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण इतिहास सांगताना तिलाही मोजायला हवं. बाई चार दिवस घर सोडते तेव्हा कुणीतरी दुसरी बाई तिचं घर धरून उभी असते.

पहिला प्रयत्न फसला. केंद्राच्या आवारात चालताना कुत्रा पायाला कडकडून चावला. इंजेक्शनांसाठी दवाखान्यात खेपा, जेवणाच्या वेळा चुकलेल्या, अंगात ताकद नाही. तिला घरी परतावं लागलं. आणि आई सोडून गेली होती म्हणून घाबरलेली दीपा आता तिला नजरेआड होऊ देईना. मग घरीच जमेल तसं बसणं सुरू ठेवलं. पुढं काही काळानं त्यांच्याच चितगावकडचे एक परिचित मुनींद्र भेटले. ते बोधगयेच्या महाबोधी मंदिराची व्यवस्था पाहून १९५७ मध्ये ब्रह्मदेशात आले होते आणि महासी सयाडो यांच्याकडे शिकत होते. त्यांनी तिला महासींच्या केंद्रात यायला सांगितलं.

ब्रह्मदेशात त्या वेळी काय चाललं होतं, हे थोडं सांगायला हवं, नाहीतर एका गृहिणीला ध्यानकेंद्रात जागा कशी मिळाली हे कळणार नाही. पूर्वी असं सखोल ध्यान बहुतेक भिक्खूच करत, तेही अरण्यात. विसाव्या शतकात ब्रह्मदेशात वारं बदललं. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला. पंतप्रधान ऊ नू स्वतः साधक होते. त्यांच्या आमंत्रणावरून महासी सयाडो १९४९ मध्ये रंगूनला आले आणि तिथं संसारी माणसांसाठी ध्यानवर्ग सुरू झाले. ऊ बा खिन हे तर सरकारचे महालेखापाल. दिवसा हिशेब तपासायचे आणि लोकांना विपश्यना शिकवायचे. त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये मुंबईला आले आणि पुढं नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तुमच्यापैकी काही जणी तिथं दहा दिवस बसूनही आल्या असतील. तर, संसारी माणसाला दार उघडलं आणि त्या दारातून बायकाही आत गेल्या.

महासींची पद्धत अशी. बसावं आणि श्वासाबरोबर पोट वर येतं, खाली जातं, तिकडं लक्ष ठेवावं. वर आलं की मनात ‘वर’, खाली गेलं की ‘खाली’ अशी नोंद करावी. मध्येच विचार आला तर ‘विचार’, गुडघा दुखला तर ‘दुखणं’, रडू आलं तर ‘दुःख’. हाकलायचं नाही, कुरवाळायचंही नाही. नोंद करून पुन्हा पोटाकडे यायचं. मग उठून तितक्याच सावकाश चालायचं आणि पाऊल उचललं, पुढं नेलं, टेकलं याचीही नोंद करायची. दिवसभर हेच.

यात मानसशास्त्र काय आहे, असं कुणी विचारेल. बुद्धाच्या परंपरेत मनाचा फार बारीक अभ्यास झालेला आहे. त्यासाठी अभिधम्म नावाचं अख्खं पिटक आहे. मनासोबत उठणाऱ्या वृत्तींना तिथं चेतसिक म्हणतात आणि थेरवादी परंपरा त्या ५२ मोजते. लोभ, द्वेष, मत्सर, कंजूषपणा, करुणा, जागरूकता असं सगळं त्या यादीत आहे. कौकृत्य नावाची एक वृत्ती आहे. हातून घडलं ते का घडलं, राहून गेलं ते का राहिलं, याची रुखरुख म्हणजे कौकृत्य. मूल गमावलेल्या आईला ही वृत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. डॉक्टरकडे आधी नेलं असतं तर, त्या रात्री मी झोपले नसते तर, असं ती वर्षानुवर्षं घोकत असते.

संयुत्तनिकायात बाणाचं उदाहरण आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होणारच. पण त्यावर तो मनानं दुसरा बाण ओढवून घेतो, चरफडण्याचा आणि शोकाचा. पहिला बाण कुणाला चुकत नाही, दुसरा थांबवता येतो. नवरा गेल्याचं दुःख खोटं आहे असं कुणीही या बाईला सांगितलं नाही. दुःख शरीरात कुठं उठतं, किती वेळ राहतं, त्याच्या पाठोपाठ कोणता विचार येतो, हे जवळून पाहायला शिकवलं. आणि जवळून पाहिल्यावर तिला दिसलं की जे अखंड, काळंकुट्ट वाटत होतं, ते तुकड्यातुकड्यांनी येतं आणि जातं.

तिची तब्येत सुधारली. अशक्त झालेली बाई धडपणे हिंडूफिरू लागली. लोकांना फरक दिसला तशी आधी बहीण आली, मग बहिणीची मुलं. घरात पोरांचा गोंधळ, आणि त्यातच ध्यान चाललेलं. मग शेजारणी येऊ लागल्या. दीपा मा शिक्षिका झाल्या त्या अशा, आपल्याच दारात.

त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक विधवा होती, सहा लहान मुलांची आई. तिला केंद्रात जाणं शक्यच नव्हतं. दीपा मांनी तिला सांगितलं की बाळाला अंगावर पाजताना सगळं लक्ष त्या पाजण्यावर ठेव. बाळाचं ओढणं, अंगाचा स्पर्श, दूध येतानाची जाणीव, मनात उठणारी माया, सगळं नोंदव. पाजून झालं की पुढचं काम, त्यावर तसंच लक्ष. त्या बाईनं घर न सोडता साधना केली आणि ती खोलवर गेली, असं दीपा मांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलं आहे.

थोडं थांबून विचार करा. हजारो वर्षं ग्रंथ लिहिले गेले, श्वास, शरीर, पावलं यांवर ध्यान कसं करावं याच्या बारीकसारीक सूचना दिल्या गेल्या. लिहिणारे बहुतेक भिक्खू. अंगावर पाजण्याचा वेळ ध्यानाला वापरता येईल हे सुचायला शिकवणारी बाईच यावी लागली, आणि तीही पाळणा हलवलेली.

१९६७ मध्ये ब्रह्मदेश सरकारनं परदेशी लोकांना देश सोडायला सांगितलं. दीपा मांना राहता आलं असतं, तशी खटपट करायला तिथली मंडळी तयार होती. पण दीपाच्या शिक्षणाचा प्रश्न होता. मायलेकी कोलकात्याला आल्या. जुन्या शहरात, खाली धातू घासायचा कारखाना, त्याची घरघर दिवसभर, वर दोन लहान खोल्या. नळाचं पाणी घरात नाही, शेगडी जमिनीवर, संडास अनेक बिऱ्हाडांत मिळून एक. याच खोल्यांत लोक शिकायला येऊ लागले. बहुतेक बायका, आजूबाजूच्या बंगाली गृहिणी.

याच सुमाराला अमेरिका आणि युरोपातली तरुण मुलं भारतात भटकत होती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, आपल्या देशातल्या जगण्यावरून त्यांचं मन उडालं होतं. काही जण बोधगयेला मुनींद्रांकडे शिकले, काही गोयंका गुरुजींच्या शिबिरांना बसले. मुनींद्रांनी त्यांतल्या काहींना कोलकात्याचा पत्ता दिला. जोसेफ गोल्डस्टीन आणि शेरन साल्झबर्ग ही नावं आज अमेरिकेत मोठी आहेत. ही मुलं कारखान्यावरचा तो जिना चढून गेली. समोर पांढऱ्या साडीतली, उंचीनं अगदी लहान अशी बाई. ती जेवलात का विचारायची, डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवायची, आणि मग ध्यानात काय दिसतं ते अगदी बारकाईनं विचारायची. माया होती, पण सूट नव्हती. जोसेफ गोल्डस्टीनना त्यांनी एकदा दोन दिवस सलग बसायला सांगितलं. ते हसले, तर आळस करू नकोस म्हणाल्या.

शेरन साल्झबर्ग यांची आठवण विशेष सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये त्या थोड्या दिवसांसाठी अमेरिकेला जाणार होत्या. परत येऊन भारतातच शिकत राहायचं असा त्यांचा बेत होता. निरोप घ्यायला गेल्या तर दीपा मा म्हणाल्या, तिकडे गेल्यावर तू शिकवशील. या तरुण मुलीला ते खरं वाटेना. तेव्हा दीपा मांनी कारण सांगितलं की दुःख काय असतं ते तुला कळलं आहे, म्हणून तू शिकवलं पाहिजेस. शेरन यांचं बालपण फार आपत्तींत गेलं होतं, आई लहानपणीच गेली होती. एरवी ज्याला आपण माणसाचं नशीब फुटलं म्हणतो, तीच दीपा मांना शिकवण्याची पात्रता वाटली. त्यांनी स्वतःच्या आयुष्यावरूनच हे सांगितलं असणार.

संशोधकही आले. जॅक एंग्लर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात मुनींद्र आणि दीपा मांकडे शिकले आणि त्यांनी इथल्या साधकांचा अभ्यासही केला. कागदावरचे शाईचे डाग दाखवून त्यात काय दिसतं ते विचारायची रोर्शाक नावाची चाचणी असते. ती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्यांवर केली. पाश्चात्त्य मानसशास्त्र तोवर मुख्यतः बिघडलेलं मन तपासत आलं होतं. इथं एक वेगळा प्रश्न पुढं आला: सराव करून मन कुठवर स्वच्छ होऊ शकतं?

१९७६ मध्ये जोसेफ, शेरन आणि जॅक कॉर्नफिल्ड यांनी आणखी काही जणांसह मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॅरी गावात ध्यानकेंद्र उघडलं. इमारत पूर्वी ख्रिस्ती मठाची होती. तिथं दरवर्षी तीन महिन्यांचं मोठं शिबिर होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या गुरूंना बोलावलं. १९८० मध्ये, सत्तरीला टेकलेल्या दीपा मा हृदयाचं दुखणं घेऊन विमानात बसल्या. सोबत मुलगी दीपा आणि तिचं लहान मूल.

आता इथं आपल्याकडचं एक नाव आठवतं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. बुद्धाचा शोध घेण्यासाठी ते १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडले. मागं पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. काशी, नेपाळ, लंका, ब्रह्मदेश असा अतोनात हालांचा प्रवास करून ते पालीचे थोर पंडित झाले. १९१० मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले, विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी. ध्यान आणि मन यांवरचा हा थेरवादातला सर्वांत मोठा ग्रंथ. त्यासाठी पुढंही ते पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठही मॅसॅच्युसेट्समध्येच आहे. म्हणजे ज्या राज्यात एका मराठी माणसानं ग्रंथ नेला, तिथंच सत्तर वर्षांनी एका बंगाली आजीनं त्या ग्रंथातली साधना शिकवली. कोसंबींची योग्यता मोठी, त्यांच्याविषयी आपल्याला अभिमान असायलाच हवा. पण बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली, याचा विचार त्यांच्या प्रवासाबरोबरच करायला हवा. पुरुषाला ज्ञानासाठी घर सोडून जाता आलं. सिद्धार्थ गौतमालाही राहुलला सोडून जाता आलं, कारण घरात यशोधरा होती.

दीपा मांनाही सुरुवातीला मुलीला सोडावंच लागलं, आणि ते त्या पोरीला सोसलं नाही, हे आपण पाहिलं. पण शिकवायला म्हणून त्या समुद्रापार गेल्या तेव्हा लेक आणि नातू सोबत होते. शिबिरात शेकडो लोक मौन धरून बसलेले, आणि शिक्षिका फावल्या वेळात नातवाशी खेळते आहे. तिथल्या लोकांनी असा गुरू पाहिला नव्हता. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, दुभाष्यामार्फत बोलणं होई. प्रवचनं लांबलचक नसत. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला त्या आधी नीट बघत, झोप लागते का, घरचे कसे आहेत हे विचारत. शेवटी मैत्रीभावना करायला सांगत. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्यांचं, मग परक्यांचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं. स्वतःपासून सुरुवात करायची हे बायकांना अवघड जातं, अमेरिकेतही जातं.

वेळच मिळत नाही असं कुणी म्हटलं, तर पाच मिनिटं बस म्हणत. तेवढीही नसतील तर जे काम हातात आहे, हिशेब असो की इस्त्री, ते करतो आहोत हे जाणून कर. बाईला बुद्धत्व मिळत नाही असं कुणी ग्रंथाच्या आधारानं म्हणालं, तेव्हा पुरुष जे करू शकतो ते सगळं मी करू शकते, असं त्यांनी ठणकावलं होतं, हेही विद्यार्थी सांगतात. १९८४ मध्ये त्या पुन्हा बॅरीला जाऊन शिकवून आल्या. १ सप्टेंबर १९८९ च्या संध्याकाळी कोलकात्याच्या त्याच घरात, बुद्धमूर्तीपुढं हात जोडून वाकल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत.

या विद्येचं पुढं काय झालं तेही थोडक्यात सांगते. बॅरीच्या केंद्रात साधना केलेले जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये जवळच्याच वूस्टर शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. जुनाट दुखणी आणि मनावरचा ताण सोसणाऱ्या माणसांना जागरूकतेचा सराव शिकवायचा, कुठल्याही धर्माचं नाव न घेता. आज ‘माइंडफुलनेस’ या नावानं ती गोष्ट जगभरच्या दवाखान्यांत, कंपन्यांत पोहोचली आहे आणि मोबाइलच्या अ‍ॅपमधून पैसे घेऊन आपल्यालाच परत मिळते आहे. ती घ्यायला हरकत नाही. पण ती कुठल्या घरांतून गेली हे माहीत असावं. जाताना तिच्याबरोबर शील होतं, दान होतं, शेजारणीची मदत होती. ते सगळं वाटेत गळलं आणि कामावरचा माणूस जास्त वेळ खुर्चीत बसावा एवढ्यापुरतंच ध्यान उरलं, तर दीपा मांनी शिकवलं ते हे नव्हे.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे, ध्यान हे औषधाच्या जागी घ्यायचं नसतं. झोप उडाली आहे, जीव नकोसा वाटतो, भास होतात, असं कुणाला असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं. मनाचा आजार तीव्र असताना दिवसेंदिवस मौनात बसण्यानं त्रास वाढूही शकतो. दीपा मा ध्यानाकडे वळल्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हे लक्षात ठेवू या. दुसरी गोष्ट, भांडी घासतानाही ध्यान होतं याचा अर्थ भांडी कायम बाईनंच घासावीत असा नाही. सोसायला शिकवणाऱ्या उपदेशांची बायकांना कधीच वाण नव्हती. मारणारा नवरा हा दुसरा बाण नव्हे. तो पहिलाच बाण आहे, आणि तो मारणारा हात थांबवावाच लागतो.

थेरीगाथेत पटाचारा नावाची थेरी आहे. नवरा, दोन मुलं, आईबाप, भाऊ सगळे एकामागोमाग गेले आणि ती वेडी होऊन रस्त्यावर भटकत होती. पुढं ती इतकी मोठी शिक्षिका झाली की मुलं गेलेल्या कितीतरी बाया तिच्याकडे येत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही बाई आणि कोलकात्यातल्या कारखान्यावर राहणारी ही बाई, दोघींनी एकच काम केलं. मधली शेकडो वर्षं अशा शिकवणाऱ्या बाया झाल्याच नसतील असं मला वाटत नाही. त्यांचं शिकवणं ओसरीवर, विहिरीवर, बाळंतिणीच्या खोलीत झालं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही. दीपा मांचं आयुष्य लिहिलं गेलं, कारण ऐकणाऱ्यांत वही घेऊन बसलेले परदेशी विद्यार्थी होते.

आपल्या महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, त्यात बायका किती मोठ्या संख्येनं होत्या. आज गावोगावच्या विहारांत सतरंजी अंथरायला, वंदना म्हणायला बायका पुढं असतात. बोलायला मात्र पाहुणे बोलावले जातात. यंदाच्या वर्षावासात आपल्याच वस्तीतली एखादी बाई बोलायला उभी करा. तिचं शिक्षण किती झालंय ते विचारू नका. तिनं काय सोसलं आणि त्यातून ती कशी उठली, ते तिला सांगू द्या. दुसरी एखादी ते वहीत लिहून घेऊ दे, तारखेसह आणि बोलणारीचं पूर्ण नाव घालून.